झपाटलेलं घर आणि घसरलेला काळ: कुमारवयीन वाचकांसाठी कादंबरी लिहिताना या चुका टाळा

सुट्टीत गावच्या घरी आलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. कुलूप लावलेली खोली. त्या खोलीबद्दल विचारलं की विषय बदलणारी मोठी माणसं. आणि एक सकाळ अशी, की दार उघडावं तर अंगणात वेगळंच साल चालू आहे. एवढ्या सामग्रीवर मराठीत आता बरेच जण लिहू लागले आहेत आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. तेरा ते अठरा या वयाच्या वाचकांना आपण फार कमी दिलं. बालसाहित्य संपलं की त्यांना थेट मोठ्यांच्या कपाटाकडे पाठवलं. घर, भीती आणि काळ यांची सांगड या वयाला नेमकी भिडते, कारण आपण कुणाच्या पोटी जन्मलो आणि त्यांनी आपल्यापासून काय लपवलं, हा प्रश्न याच वयात पडतो.

पण अशा कादंबऱ्या बहुतेक वेळा मध्यावर बसतात. भीती ओसरते, काळाचे नियम प्रकरणागणिक बदलतात, मग लेखक आणखी एक भूत आणतो. नवं भूत आणून हे दुखणं बरं होत नाही. दुखणं सुरुवातीलाच शिरलेलं असतं.

भुताचं कारण एक, काळाचं दुसरं

सगळ्यांत मोठी चूक ही आहे. बंद खोलीत पणजीची बहीण अडकली आहे, कारण तिच्यावर अन्याय झाला. माळ्यावरच्या घड्याळाने काळ मागे जातो, कारण ते घड्याळ जादूचं आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीच संबंध नाही. त्या एका पुस्तकात राहतात, इतकंच.

तपासायला सोपं आहे. मनातल्या मनात भूत काढून टाका. काळाचा खेळ तरीही तसाच चालू राहिला, तर तुमच्याकडे दोन अर्ध्या कादंबऱ्या आहेत. घराने जी गोष्ट सांगायचं टाळलं, काळ तिथेच फाटला पाहिजे.

अशी सांगड कुठून आणायची, याचं उत्तर आपल्या पंचांगात पडलेलं आहे. भाद्रपदाचा वद्य पक्ष, म्हणजे पितृपक्ष घ्या. माणूस ज्या तिथीला गेला, त्या तिथीला त्याचं पान वाढलं जातं. सवाष्ण गेलेल्या बाईसाठी अविधवा नवमी. शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांसाठी चतुर्दशी. आणि ज्याची तिथीच माहीत नाही, त्याच्यासाठी सर्वपित्री अमावस्या. आता अशा घराची कल्पना करा, जिथे एका मुलाचं पान वर्षानुवर्षं अमावस्येला वाढलं जातंय, पण त्याची तिथी एका माणसाला पक्की माहीत आहे आणि तो बोलत नाही. त्या मुलाला वर्षात स्वतःचा दिवस नाही. म्हणून तो कुठल्याही दिवशी येतो आणि म्हणून त्या घरात दिवस सरमिसळ होतात. भूत आणि काळ एकाच गाठीत बांधले गेले, आणि नायिकेला कामही मिळालं: तो दिवस शोधून काढायचा. रीत घरोघरी वेगळी असते, जातीप्रमाणे आणि गावाप्रमाणेही. ज्या घराबद्दल लिहिताय तिथली रीत तिथल्याच एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

घड्याळ बारावर थांबतं

थांबलेलं घड्याळ, बाराचे ठोके, उलटे फिरणारे काटे. हे इतक्यांदा येऊन गेलंय की चौदा वर्षांचा वाचकही पुढचं पान ओळखतो. वाईट याचं वाटतं, की आपल्या मुलखातला काळ खरोखरच इतका गुंतागुंतीचा होता की काही नवं रचायची गरजच नाही.

१ जानेवारी १९०६ पासून भारतात प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईने ती सहजी मानली नाही. मुंबईची स्वतःची वेळ होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि शहरात ती पुढे कित्येक दशकं टिकली, स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं. म्हणजे एकाच रस्त्यावर दोन घड्याळं दोन वेळा दाखवू शकत होती. ‘आठ वाजता भेटू’ म्हणणाऱ्याला ‘कुठले आठ?’ असं विचारावं लागे. पुढे महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशाची घड्याळं आणखी एक तास पुढे केली होती. तुमची नायिका १९४४ च्या सकाळी उतरली, तर तिच्या मनगटावरची वेळ आणि घरातल्या भिंतीवरची वेळ यांत तासाभराचं अंतर असेल. जुन्या पत्रात वाचलेल्या वेळेवर भरवसा ठेवून ती धावत सुटते आणि तासभर उशिरा पोचते. तेवढ्या तासात जे घडायचं ते घडून गेलेलं असतं. याला कुठलीच जादू लागली नाही.

गावात तर घड्याळाच्या वेळेला फारसा मानच नव्हता. दिवस सूर्योदयाला सुरू होई. दिवसरात्रीच्या साठ घटिका, एक घटिका चोवीस मिनिटांची. पाण्यात बुडणारं घटिकापात्र लग्नमुहूर्तासाठी वापरत. रत्नागिरीत सूर्य माथ्यावर येतो तेव्हा आजही आपल्या घड्याळात साडेबाराच्या आसपास वाजलेले असतात. म्हणजे सूर्याचा मध्यान्ह आणि घड्याळाचे बारा यांच्यामध्ये साधारण अर्ध्या तासाची फट रोज उघडी असते. भुताला तेवढी पुरे.

तिथी तर याहून विलक्षण. जी तिथी एका सूर्योदयानंतर लागते आणि दुसऱ्या सूर्योदयाआधी संपते, ती क्षय तिथी. तिला सूर्योदयच मिळत नाही. एखादी तिथी दोन सूर्योदय खाते, ती वृद्धी. अंदाजे साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक मास येतो आणि एकाच नावाचा महिना दोनदा घडतो. कोकणात टिळक पंचांग मानणारी घरं आहेत. एखाद्या वर्षी अधिक मासाचं गणित वेगळं पडलं, की त्यांच्याकडे गणपती इतरांच्या महिनाभर आधी बसतात. एकाच वाडीत शेजारशेजारच्या दोन घरांमध्ये दोन वेगळे महिने चालू असतात! मला यापेक्षा सुंदर काळबिघाड माहीत नाही. फक्त त्या सालचं पंचांग प्रत्यक्ष उघडून बघा. ‘१९३६ सालची अधिक श्रावणातली क्षय एकादशी’ असं नुसतं ठोकून दिलंत, तर पंचांग जाणणारा एखादा आजोबा नातवाचं पुस्तक हातात घेईल आणि तुमचा खेळ खलास.

एकदा नियम ठरला की तो पाळा. खोली क्षय तिथीलाच उघडते असं तिसऱ्या प्रकरणात म्हणालात, तर अकराव्या प्रकरणात नायिका संकटात आहे म्हणून ती मंगळवारी उघडायची नाही. संकट वाढलं तरी नाही.

घर परक्या देशातलं

तळघरात जाणारा लाकडी जिना, पोटमाळ्यावरची खेळण्यांची पेटी, शेकोटीच्या वरचं तैलचित्र. हे घर आपल्याकडचं नव्हेच. कोकणातल्या घरात खळं असतं, पडवी, ओटी, माजघर, देवघर, मागची पडवी, न्हाणीघर, आणि बाळंतिणीची काळोखी खोली, जिथे त्या घरातली कित्येक माणसं जन्मली आणि कित्येक बाया गेल्या. पुण्यातल्या वाड्याला दिंडी दरवाजा असतो, चौक, ओसरी, हौद, धान्याचं बळद आणि भिंतीच्या जाडीत लपवलेला अरुंद जिना. भीती या जागांमध्ये आधीच आहे. तिला बाहेरून सामान आणायला लावू नका.

लिहायला बसण्याआधी घराचा नकाशा काढा. ओटीवरून माजघरातलं काय दिसतं आणि काय दिसत नाही, परसातल्या विहिरीचा रहाट कुठल्या खोलीत ऐकू येतो, हे ठरवा. मग प्रत्येक पिढीचा वेगळा नकाशा काढा, कारण घर वाढतं, वाटण्या होतात, मधे भिंत येते. नायिका १९३० मध्ये ज्या दारातून पळते, तिथे आज चुलतकाकांची भिंत आहे. काळ बदलल्याची पहिली खूण म्हणून ती नाहीशी झालेली भिंत पुरेशी आहे.

सामानाच्या वयाकडे लक्ष द्या. मंगळुरात बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ च्या सुमारास निघाला. त्यामुळे १८२० सालच्या घरावर मंगलोरी कौलं घालू नका. तिथे नळ्याची कौलं किंवा गवत असेल. हीच चूक उलटी फिरवली तर धागा होतो: या कौलांवर कारखान्याचा शिक्का असतो, आणि जे छप्पर ‘पहिल्यापासून असंच आहे’ असं आजोबा शपथेवर सांगतात, त्यावरचा शिक्का त्यांना खोटं पाडतो.

आणि घर म्हणजे वाडाच असा हट्ट का? मुंबईतल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी. १६० चौरस फुटांची एक खोली आणि तिच्यात तीन-चार पिढ्या. तिथे बंद खोली नाही, माळा नाही, लपायला जागा नाही. भूत आलं तर ते सगळ्यांच्या देखत, जेवणाच्या ताटांमध्येच येणार. तिथला काळ गिरणीचा भोंगा सांगायचा. पाळी, जेवण, झोप सगळं भोंग्यावर. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो काळ मोडला तो कायमचा. गिरणीच्या जागी टॉवर उभा आहे, चाळ पुनर्विकासात पाडायची वेळ आली आहे, आणि पहाटे भोंगा वाजतो. तो ऐकून सोळा वर्षांच्या नातवाला जाग येते आणि खोलीच्या कोपऱ्यात आजोबा कामावर जायची तयारी करताना दिसतात. ही कादंबरी कुणीतरी लिहायलाच हवी.

मालमत्तेचं रहस्य कायद्यात बसत नाही

कौटुंबिक रहस्य म्हटलं की जमीन येतेच. इथे एक चूक वारंवार होते: ‘१९३० मध्ये भावाने बहिणीचा अंगठा घेऊन वडिलोपार्जित घरातला तिचा वाटा लाटला.’ तेव्हा बहुतेक हिंदू घरांत भाऊ असताना लग्न झालेल्या बहिणीला वडिलोपार्जित घरात वाटाच नव्हता, मग लाटणार काय? १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या हिश्शात वाटा मिळाला, महाराष्ट्राने १९९४ मध्ये तिला जन्माने सहहिस्सेदार मानलं आणि २००५ मध्ये ते देशभर झालं. हक्कसोडपत्रावर सही घेण्याचा प्रसंग १९५६ नंतरच ठेवा. गोष्ट १९३० चीच हवी असेल, तर घरातच राहिलेली विधवा काकू घ्या, जिला पोटगीखेरीज फारसं काही मिळत नसे. अन्याय जास्त खोल होईल आणि खराही.

सातबारा आणि फेरफार ही तर तुमच्या हातातली काळयंत्रं आहेत. कुणाचं नाव कधी चढलं, कधी कमी झालं, हे त्यात ओळीओळीने असतं. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, कुळं जमिनीची मालक मानली गेली तो दिवस. कोकणातल्या घराची गोष्ट सांगताना जमीन ‘गेलेलं’ घर जसं असतं, तसं जमीन ‘मिळालेलं’ घरही असतं. दुसऱ्या घराकडून कथा सांगणारं फार थोडं लिहिलं गेलंय.

मागच्या काळात सगळ्यांचं सारखंच स्वागत

नायिका आणि तिचा मित्र १९२५ मध्ये पोचतात. घरातले थोडे चकित होतात, मग दोघांना जेवायला बसवतात. इथे मी पुस्तक खाली ठेवते.

शारदा कायदा अमलात आला १ एप्रिल १९३० ला, आणि त्यातही मुलीच्या लग्नाचं किमान वय होतं चौदा. पंधरा वर्षांची बिनलग्नाची मुलगी केस मोकळे सोडून एकटी दारात उभी राहिली, तर १९२५ च्या माजघरात काय होईल याचा विचार करा. तिच्याच वयाची पणजी कडेवर मूल घेऊन तिच्याकडे बघत असेल. त्या दोघींनी एकमेकींकडे बघणं हाच पुस्तकातला सर्वांत भीतिदायक क्षण असू शकतो, आणि सर्वांत मायेचाही.

मित्राचं काय? तो कुणाचा मुलगा आहे? महाडला चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह झाला २० मार्च १९२७ ला. त्याआधीच्या, आणि नंतरच्याही, कित्येक वाड्यांत त्याला ओटीवर पाऊल ठेवता आलं नसतं, विहिरीला हात लावता आला नसता. आज ज्या घरी तो बिनधास्त फ्रिज उघडतो, त्याच घराने त्याच्या पणजोबांना कुठे उभं केलं होतं, हे त्याला तिथे गेल्यावर कळतं. वाडा झपाटलेला असण्याचं याहून मोठं कारण मला सुचत नाही. हे वगळून सुखद जुना काळ रंगवलात तर आजच्या मुलांना ते लगेच कळतं. ती आपल्याला वाटतात त्यापेक्षा खूप जास्त जाणतात.

खऱ्या दुर्घटना सजावटीला

१२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, १७ जुलै १९४७ ला रेवसच्या वाटेवर बुडालेली रामदास बोट, ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट. काळ ओलांडणाऱ्या कथेला या तारखा खुणावतात, कारण वाचकाला पुढचं माहीत असतं आणि पात्रांना नसतं. गणपती विसर्जन करून थकून झोपलेलं गाव, दगड-मातीच्या जाड भिंती, डोक्यावर मातीचं माळवद, आणि नायिकेला ठाऊक आहे की चारला चार मिनिटं कमी असताना काय होणार. स्वतःच्या माणसांवर कोसळलेलं घर ही झपाटलेल्या घराची फार खरी गोष्ट आहे.

पण त्या घरांमधली माणसं आजही आहेत. दोन पानांच्या थरारासाठी किल्लारी वापरू नका. वापरायची असेल, तर कादंबरी तिथलीच असू द्या, बोली तिथली असू द्या, आणि वाचलेल्यांना पुढच्या वर्षांतही जगताना दाखवा.

भुतांची सरमिसळ

थोडक्यात सांगते. मुंजा पिंपळावर असतो, मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा. समंधाचा जीव धनात किंवा घरात अडकलेला. चकवा रानात, शेतात, रात्रीच्या वाटेवर भेटतो. तोच रस्ता पुन्हापुन्हा समोर आणतो. त्याला घरात आणायचं तर कारण द्या (आणि कारण सापडलं, तर काळ फिरवायला त्याच्याइतकं योग्य कुणी नाही). दक्षिण कोकणात आणि गोव्यात देवचार राखणदार असतो, वेताळ तर कित्येक गावांचा देव, त्याला वहाणा वाहतात. त्यांना सरसकट खलनायक केलंत, तर तिथल्या वाचकाच्या घरच्या श्रद्धेलाच तुम्ही राक्षस म्हणता. हडळीबद्दलही थांबून विचार करा. बाळंतपणात गेलेल्या बाईला लोकांनी उलट्या पावलांची केली. तुमच्या पुस्तकात तिला नाव द्या.

मोबाईलची रेंज गेली

‘घरात रेंजच नव्हती’ या वाक्याने प्रश्न सुटत नाही. फोन सोबत जाऊ द्या. टॉवर नसला तरी फोनच्या आतलं घड्याळ चालूच राहतं, म्हणजे नायिकेच्या खिशात आजचा काळ मोजला जातोय. बॅटरी संपेपर्यंत तिच्याकडे दोन काळ आहेत, नंतर एकच. परत आल्यावर फोटोंवर उमटलेली तारीख आणि वेळ हा पुरावा होऊ शकतो, किंवा ती वेडी नाही याचा तिला मिळालेला एकमेव दिलासा.

शेवटी मांत्रिक

सोळा वर्षांची मुलगी गप्प झाली, रात्री जागी राहते, कुणी नसताना बोलते. घरचे मांत्रिकाला बोलावतात, तो मारतो, धुरी देतो, भूत उतरतं. हे उपाय म्हणून लिहू नका. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला, त्याच वर्षी महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आला, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण हा त्यात गुन्हा आहे. तुमचं पुस्तक वाचणारी एखादी मुलगी स्वतः नैराश्यात असेल आणि तिच्या घरी ‘हिला बाहेरचं काहीतरी आहे’ अशी कुजबुज चालू असेल. कथेत भूत खरं असलं तरी मारणारा हात चूकच, हे पानावर स्पष्ट दिसू द्या.

लिहिताना अडलात तर

मधली प्रकरणं सैल पडली असतील, तर बघा: प्रत्येक फेरीत नायिकेला नुसती माहिती मिळतेय की तिचं काही जातंय? मागच्या काळात घालवलेल्या प्रत्येक रात्रीची किंमत ठरवा. आजच्या काळात तिच्याबद्दलची एक आठवण पुसली जाते, किंवा आजीला तिचं नाव क्षणभर आठवत नाही. ती किंमत चढती ठेवा.

‘तिने पणजीला वाचवलं तर ती स्वतः जन्मली कशी’ या प्रश्नात गुरफटला असाल, तर घटना बदलू देऊ नका. बदलू द्या ते घटनेबद्दलचं माणसांचं ज्ञान. झालेलं मरण तसंच राहतं, पण ज्या मुलाचं पान अमावस्येला वाढत होते ते आता सप्तमीला वाढतात. फेरफारातून गळलेलं नाव घरातल्या पाटीवर येतं. मरण पुसून टाकणारा शेवट वाचणाऱ्याला फसवतो, कारण या वयाच्या कित्येक मुलांनी खरी मरणं पाहिली आहेत.

भीती संपल्यावर पुढे काय लिहावं हे सुचत नसेल, तर समजा की गप्प बसलेला माणूस अजून बोललेला नाही. तो आजोबा असेल, आत्या असेल, खुद्द आई असेल. त्याचं बोलणं एका परिच्छेदात उरकू नका. त्याला अख्खं प्रकरण द्या, ओटीवर दिवसाउजेडी बसवा, मधे चहा येऊ द्या, शेजारी डोकावू द्या, त्याला दोनदा विषय बदलू द्या. नायिकेने या वेळी तो बदलू द्यायचा नाही.